अर्धा कोयता

हे कुणालाच खरं वाटणार नाही, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. बीडची गाडी यायला वेळ आहे, तेलगावच्या स्टँडवर सावली या एवढ्याच पत्र्याची आहे, म्हणजे ऐकण्यावाचून तुम्हाला गत नाही. ऐकून झाल्यावर कुणी मान हलवलीच, तर मानेवर माशी बसली असं समजायचं. विश्वास म्हणून कुणी हलवत नसतं.

त्या दोघी कॉलेजच्या पोरी मघापासून मोबाइलवर जपानी चित्रांची गोष्ट वाचतायत. डोंगराएवढे लोखंडी पैलवान, त्यांच्या छातीत बसून लेकरं त्यांना चालवतात, आणि चालवता चालवता लेकरांचंच काहीतरी संपत जातं. पोरी डोळे पुसतात आणि म्हणतात, "लई भारी हाय." अगं बायांनो, जपानला हे सुचलं कुठून? एक जपानी या समोरच्या रसवंतीवर बसून सगळं ऐकून गेला. जाताना रसात लिंबू जास्त झालं म्हणून कुरकुरला. रसवंतीवाल्या हरिबाला विचारा. हरिबा मेला, ती गोष्ट वेगळी.

आणि ओ ताई, खांबाला टेकून शेंगा फोडणाऱ्या! तुमच्या शेजारच्या दादाला जरा थोपवा. मघापासून एकच विचारतोय, "अक्का, पाणी किती वरून पडतंय?" तुम्ही सांगता, तो खूश होतो, आणि एक शेंग खाऊन झाली की पुन्हा तेच. गोष्टीत आवाज मिसळतो. हां. शेंगा चालू द्या, शेंगांचं काही नाही.

तर दीपमाला नावाची एक पोरगी होती. इथंच, तेलगावच्या कडेला भीमनगरात. दिवाळी झाली की तिचे आई-बाप, वनिता आणि सर्जेराव, टोळीबरोबर सांगलीकडं ऊस तोडायला जायचे, ते उन्हाळ्याच्या तोंडाला परतायचे. घरी राहायची ती, धाकटा भाऊ पप्पू आणि आजी केशरबाई. आजीचे गुडघे असे, की उठताना ती तथागताचं नाव घ्यायची आणि बसताना गुडघ्यांना शिव्या द्यायची. पळणं तर सोडाच, विहारापर्यंत जायचं तर वाटेत दोन ठिकाणी बसून शिव्या व्हायच्या.

आई जाताना दीपमालाला दरसाल एकच सांगायची. "पप्पूला सांभाळ. हाय तसा मला परत दे."

हाय तसा. दीपमालानं हे दोन शब्द ओढणीच्या गाठीत बांधल्यासारखे जपले होते. पप्पूच्या गुडघ्याला खरचटलं तरी ती आधी हळद लावायची आणि मग त्याला एक धपाटा घालायची, कारण खरचटलेला पप्पू म्हणजे हाय तसा पप्पू नव्हे.

आणि त्याच साली बालाघाटाच्या डोंगराकडून ते आलं.

त्याला नाव कुणी ठेवलं नाही. नाव ठेवायला जवळ कोण जाणार? उसाच्या तुऱ्यासारखं पांढरं, आणि कारखान्याच्या चिमणीहून वीतभर उंच. ती वीत कुणी मोजली हे विचारू नका. पाय नाहीत, तोंड नाही, नुसतं सरकत यायचं. ज्याच्यावरून जाईल ते पांढरं व्हायचं आणि गार पडायचं. ऊस, बाभळ, म्हैस. पाटोद्याच्या बाजारावरून गेलं तेव्हा एकाची लाल मिरची पांढरीफेक झाली, तर त्या बहाद्दरानं ती मुळ्याचा कीस म्हणून विकली. माणसांवरूनही गेलं ते. त्यात मात्र हसण्यासारखं काही नाही, म्हणून ते इथंच ठेवू.

मग यंत्र आलं. ज्या गाडीवरून आलं तिची पुढची चाकं तेलगावात पोचली तेव्हा मागची वडवणीत चहा पीत होती. कंपनीवाले म्हणाले जपानचं आहे, गाडीचा ड्रायव्हर म्हणाला चाकणचं आहे. दोन पाय, दोन हात, आणि उजव्या हाताला कोयता. त्या कोयत्याची सावली ज्या रानावर पडायची त्या रानाला त्या दिवशी पाणी द्यावं लागायचं नाही. यंत्राला आवाजही होता, बाईचा, गोड. आपली भाषा यावी म्हणून त्याला आठवडाभर मुकादमांच्या चहाच्या टपरीमागं उभं केलं होतं. तिथं बसून टोळ्यांचं बोलणं ऐकत ऐकत ते मराठी शिकलं. हे ध्यानात ठेवा, पुढं कामाला येईल.

बसायची जागा छातीत, आणि ती लेकराच्या मापाची. कंपनीवाले म्हणाले, यंत्राला डिझेल लागत नाही, ते चालवणाऱ्याच्या मनावर चालतं. आणि मोठ्या माणसाच्या मनात भेसळ फार, मग ते धूर सोडतं. विजयसिंहदादांना पटलं नाही. दादा म्हणजे इथले पुढारी, पांढरी गाडी, पांढरे कपडे, पांढरी चप्पल. "बघू बे, आमच्या मनात काय भेसळ हाय," म्हणून त्यांनी शिडी लावून नुसतं डोकं आत घातलं. यंत्राला असा ठसका लागला की दादांची टोपी माजलगावच्या धरणात सापडली.

म्हणून लेकरं.

पहिला बसला सुग्रीवचा अभिमन्यू. यंत्रानं त्याचे हात कोपरापर्यंत आपल्या लोखंडी बाह्यांत घेतले आणि गोड आवाजात म्हणालं, "अर्धा कोयता."

"म्हंजे?" खालून दादांनी विचारलं.

"अर्धा कोयता," यंत्र म्हणालं.

त्या एवढ्या मोठ्या पात्याकडं बघून सगळ्यांना वाटलं, पात्यातच काहीतरी खोट आहे. पण ते पांढरं तर दारात आलेलं. अभिमन्यू तसाच गेला, लढला, त्याला कंबरेत तोडून आला. ते डोंगरापलीकडं कोसळलं. गावानं डीजे लावला. अभिमन्यूची आई, पोराला यंत्रात बसवल्याची बातमी कळल्यावर, उसाच्या फडातून तशीच, केसांत पाचट घेऊन, ट्रकवर बसून आलती. पोरगा शिडीवरून उतरला. आईसमोर उभा राहिला. आणि फार अदबीनं म्हणाला, "बाई, जरा पाणी देता का? लई तहान लागलीय."

तिनं पाणी दिलं. डीजे वाजतच होता.

मनावर चालतं म्हणजे काय, ते तेव्हा कळलं. एकेक पाऊल टाकायला यंत्र चालवणाऱ्याची एकेक आठवण घेतं, आणि घेतलेलं परत देत नाही. कंपनीवाल्यांना विचारायला लोक गेले, तर कंपनीवाले गेलेले.

ते पांढरं काही मेलं नव्हतं. पुन्हा फुटून आलं, आधीपेक्षा दाट. या वेळी वनमाला गेली. लोहारानं यंत्राच्या पात्याला नवी धार लावली, दोन टाके मारले, तरी यंत्र म्हणालं, "अर्धा कोयता." लोहार म्हणाला, "आता ह्याहून पुरा कोयता मी माझ्या सासऱ्याकडून आणू का?" वनमालानंही त्याला तोडलं. परत आली तेव्हा पाणी कसं पितात तेसुद्धा तिला दाखवावं लागलं.

वनमालाचे आई-बापही कारखान्याला गेलेले. अभिमन्यूचेही गेलेले. ज्या लेकरांचे आई-बाप गावात नाहीत, त्यांना नाही म्हणणारं गावात कोण असतं?

ते तिसऱ्यांदा फुटलं, तेव्हा विजयसिंहदादांची गाडी भीमनगरात आली. दादा पप्पूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वाघ हाय वाघ! ह्याचा ह्येवढा मोठ्ठा बॅनर लावू."

पप्पूला आणखी काय पाहिजे? गाडी गेली तसा तो अंगणात पाय आपटत यंत्रासारखा चालायला लागला.

"अक्का, बॅनरवर मी चष्मा लावू का?"

"तू कुठंबी जाणार न्हाईस," दीपमाला म्हणाली.

"कावून? मला भ्या न्हाई वाटत. कपिलधारला आण्णांनी मला त्या पाण्याखाली धरलतं, तवा बी न्हाई वाटलं. तू रडलतीस."

हे खरं होतं. मागच्या पावसाळ्यात बापानं दोघांना कपिलधारला नेलं होतं. धबधब्याखाली पप्पूला खांद्यावर घेतलं. पप्पूनं वर बघून विचारलं, "आण्णा, पाणी किती वरून पडतंय?" सर्जेराव म्हणाला, "आभाळात एक रांजण हाय, तो कलंडलाय." पप्पू इतका हसला की नाकातोंडात पाणी गेलं, आणि दीपमाला भिऊन रडली. त्या दिवसापासून घरात काहीही सांडलं, की पप्पू म्हणायचा, "रांजण कलंडला."

"पप्प्या, तिथून आल्यावर तुला ते कपिलधार आठवायचं न्हाई. मीबी न्हाई आठवायची."

पप्पू थांबला. जरा विचार करून म्हणाला, "मग तू सांग की मला. तुला तर आठवंल."

पोरानं हे सहज म्हटलं. पण दीपमालाच्या डोक्यात ते कुसळासारखं रुतून बसलं.

ती अभिमन्यूच्या घरी गेली. तो ओट्यावर उसाचं कांडं हातात घेऊन बसला होता. अंगानं धडधाकट, कपडे स्वच्छ, भांग पाडलेला. बघणाऱ्याला वाटावं, पाहुणा आलाय.

"अभ्या, आत काय झालतं रे?"

"तुमी कोण?"

"दीपमाला. शाळंत तुझ्या मागच्या बाकावर बसते. तुझी पेन्शील मीच चोरते."

त्यानं हातातलं कांडं फिरवून पाहिलं. मग म्हणाला, "पुढं तुटत होतं. मागं कुणी न्हवतं."

"मागं म्हंजे कुठं?"

"मागं," तो म्हणाला. "मागं रिकामं होतं." आणि मग पुन्हा अदबीनं, "तुमी कोण?"

दुपारी आईचा फोन आला. फडातून आवाज तुटत तुटत येत होता. सर्जेराव तापानं कोपीत, पाचटाच्या झोपडीत, पडला होता. "मी एकलीच हाय ग फडात," वनिता म्हणाली. "अर्धा कोयता झाला बग माझा. तोडायचं बी मीच, मोळी बी मीच बांधायची. मोळी बांधाया मागं कुणी नसलं की तोडलेलं तसंच पडतंय, वाळून जातंय. पप्पू कसा हाय?"

"हाय तसा हाय," दीपमाला म्हणाली. फोन ठेवला आणि आईचेच दोन शब्द पुन्हा म्हणून बघितले, अर्धा कोयता.

तो बॅगवाला पाहुणा गोंधळलेला दिसतो. पाहुणे पुण्याकडचे का? तर ऐका. आमच्याकडं कोयता म्हणजे नुसतं लोखंड नाही. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम विचारतो, तुझ्या टोळीत किती कोयते? म्हणजे किती जोड्या. पुढचा तोडत जातो, मागची गोळा करून मोळी बांधत जाते. एकटं माणूस गेलं, की तो अर्धा कोयता. हे या जिल्ह्यात दुधाचे दात पडायच्या आधी कळतं. पण तेवढं प्रचंड पातं डोळ्यांसमोर असलं, की सगळं तेलगाव कोयता म्हणजे पातंच समजून बसलं. लोहारापासून दादांपर्यंत. आणि यंत्र बिचारं टपरीमागं शिकलेल्या अस्सल भाषेत ओरडून सांगत होतं, अरे, जोडी द्या!

अभिमन्यूच्या मागं कुणी नव्हतं. तुटलेलं तसंच पडलं, वाळून गेलं.

आता मागं बसायचं कुठं? चालवणाऱ्याच्या पाठीशी एक खोबण होती. सगळे तिला डब्याची जागा म्हणायचे. त्यात नारळ, हार आणि दादांचा एक फोटो ठेवलेला असायचा.

दीपमाला पप्पूला लपवू शकली असती. ज्वारीच्या कणगीत, विहाराच्या माळ्यावर, कुठंही. मग दादांनी दुसऱ्या कुणाचं तरी लेकरू उचललं असतं, आणि ते पांढरं भीमनगरावरूनच आलं असतं, कारण वाट तीच होती. आजी पळणार नव्हती. दीपमालानं हे सगळं भाकरी थापता थापता मनात घोळवलं, आणि शेवटची भाकरी तव्यावर टाकली तेव्हा तिचं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी ऐन उन्हात भोंगा झाला. उसाच्या वर पांढरी कड दिसायला लागली. पप्पूला हार घालून यंत्रात बसवलं. यंत्र म्हणालं, "अर्धा कोयता." तेवढ्यात लोकांतून वाट काढत दीपमाला शिडी चढली.

"ए पोरी! खाली उतर!" विजयसिंहदादा माइकवरून ओरडले. "तिथं जागा न्हाई!"

"हाय की. नारळाला हाय, तर मला न्हाई का?"

तिनं नारळ काढून खाली टाकला. तो दादांच्या पांढऱ्या गाडीच्या नाकावर असा फुटला, की सुग्रीवच्या म्हाताऱ्या चुलत्यानं पळत जाऊन खोबरं वाटायला घेतलं. हार टाकला. फोटो मात्र तिनं अदबीनं, हळूच सोडला. तो वाऱ्यानं जो उसात गेला तो अजून सापडला नाही.

"अगं, तो डब्याचा कप्पा हाय!"

"मग डबा समजा मला," म्हणून ती खोबणीत घुसली. लोखंडी बाह्या सरसरत आल्या आणि तिचे हात कोपरापर्यंत धरून बसल्या. आणि यंत्र, जन्मात पहिल्यांदा समाधानानं, बाळंतीण झोपवून बाहेर आलेल्या सुइणीसारखं म्हणालं, "एक कोयता."

यंत्र उठलं. पहिलं पाऊल टाकलं.

"तुटलं," यंत्राचा आवाज आला. "लाल गाडी."

पुढं पप्पूची मान जराशी सैल पडली. दीपमालानं क्षण घालवला नाही. "माजलगावच्या बाजारात आण्णांनी घेतलेली लाल गाडी! दुसऱ्याच दिवशी चाक मोडलंस आणि भोकाड पसरलंस. आजीनं जुन्या चपलेचं चाक कापून लावलं!"

"हां!" पप्पू ओरडला. "चपलेचं चाक! ती गाडी एका बाजूला पळायची!"

मोळी बांधली गेली. दीपमालाला आतून कळलं, गाठ बसली की कळतं तसं.

दुसरं पाऊल. "तुटलं. भाकरीचा वास."

"आजीची! कडंला करपलेली! तू करपलेलंच मागतोस, आणि चांगलं कुत्र्याला देतोस!"

"हां, हां! आणि आजी कुत्र्याला शिव्या देती, मला न्हाई!"

असं ते निघालं. पाऊल, तुटलं, बांधलं. पाऊल, तुटलं, बांधलं. फडात जोडी चालते त्या लयीत. पण फडाच्या लयीत लढाई होत नाही. ते पांढरं समोरून सरसर येत होतं, आणि यंत्र आपलं एकेक पाऊल मोजत.

खालून दादांचा माइक किंचाळला, "पळव बे! पळव! मोळ्या बांधायलास काय?"

"हो!" वरून दीपमालाचा आवाज सगळ्या रानावर घुमला. "मोळ्याच बांधायले मी! बांधल्याबिगर पुढं पाऊल न्हाई!"

"तुटलं," यंत्र म्हणालं. "आईचा चेहरा."

पप्पूची मान पुन्हा सैल पडली. तिला त्याची फक्त पाठ दिसत होती. तिनं आवाज चढवला नाही, उलट खाली आणला, जसा आई आणते तसा. "हनुवटीवर हिरवं गोंदण. एकच टिपका. हसली की तो टिपका खळीत जातो आणि दिसत न्हाई. तू लहान असताना तो बोटानं पुसायला बघायचास."

ती खोबणीतून पुढं वाकली.

"पप्प्या. पुसला जात न्हाई म्हणून तू चावलतास तिला. आठव."

"...आणि तिनं मला चावलं," पप्पू हळूच म्हणाला. "गालाला."

"हां. चल आता."

पांढऱ्याजवळ पोचेस्तोवर दोघांच्या घशाला कोरड पडली. पप्पूनं कोयता उचलला, कंबरेवर मारायला, अभिमन्यूनं मारला तसा.

"तिथं नको!" दीपमाला ओरडली. "शेंड्याला आणि मधनं तोडून ऊस मरतोय का कुठं? म्हणून तर फुटतंय ते! बुडातनं!"

आणि तेवढ्यात ते वळलं. यंत्राला बगल देऊन भीमनगराच्या दिशेनं सरकायला लागलं. वरून सगळं दिसत होतं. घरं रिकामी झालेली, माणसं कालव्याकडं पळतायत, आणि विहाराच्या पायरीवर एक लुगडं एकटंच बसलेलं. केशरबाई. दोनदा बसून शिव्या देण्याइतका वेळ आज तिच्याकडं नव्हता, म्हणून ती एकदाच बसली होती.

एकेक पावलानं पोचणं होणार नव्हतं.

"अक्का, उडी मारू का?"

"उडी मारल्यास एकदम खूप तुटेल," यंत्र गोड आवाजात म्हणालं. "बांधून होणार नाही."

"ते तू मला नको सांगू," दीपमाला यंत्राला म्हणाली. "तू तोड. बांधायचं मी बघते. मार पप्प्या!"

यंत्र उडालं. तुम्ही म्हणाल, एवढं लोखंड उडतं का? उडालं. इथून त्या पेट्रोलपंपापर्यंत सावली पळाली, त्या सावलीनं दोन शेळ्यांना दिवस मावळला असं वाटून त्या घरी गेल्या. आणि आत तुटण्याचा पाऊस लागला. शाळेची घंटा, तुटलं. पोळ्याचा बैल, तुटलं. आण्णांचा खोकला, कपिलधारचं पाणी, आजीचं नाव, स्वतःचं नाव, तुटलं, तुटलं, तुटलं. दीपमाला बोलत होती. श्वास न घेता बोलत होती. एका वाक्यात तीन-तीन आठवणी कोंबत होती. घंटा फुटकी होती, बैलाचं एक शिंग वाकडं, खोकला आला की आण्णा भिंत धरायचे, आजी केशर, तू पप्पू, तू पप्पू, शाळेत प्रतीक, घरात पप्पू! गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. ओठ फुटले, रक्त आलं, ते चाटून ती बोलत राहिली.

यंत्र विहाराच्या पायरीपुढं येऊन आदळलं आणि पप्पूनं कोयता जमिनीला चाटून फिरवला. बुडातून. ते पांढरं वरून खालपर्यंत एकदा थरारलं, आणि वाळलेल्या पाचटासारखं खळकन् बसलं. त्याच्यानंतर आजवर ते फुटलेलं नाही. त्या जागी आता कोथिंबीर होते, आणि ती पांढरी नाही, हिरवीच आहे, जाऊन बघा.

यंत्र गुडघ्यांवर बसलं. बाह्या सुटल्या. आधी दीपमाला उतरली. मग पप्पू. सगळं गाव कालव्याकडून परत पळत आलेलं. डीजेवाल्याचंसुद्धा बटणावरचं बोट थिजलेलं. पप्पू चालत चालत पायरीपाशी गेला, केशरबाईपुढं उभा राहिला आणि तिला नीट न्याहाळलं.

"आज्जे," तो म्हणाला, "भूक लागली. करपलेली हाय का?"

केशरबाईनं आधी तथागताचं नाव घेतलं, मग गुडघ्यांना शिव्या दिल्या, मग त्याला पोटाशी धरलं.

वनिता आणि सर्जेराव दोन दिवसांनी पोचले. दीपमालानं पप्पूचा हात आईच्या हातात दिला आणि म्हणाली, "घे. हाय तसा." अन् होताच तो हाय तसा! सगळ्या मोळ्या बांधलेल्या. एक कांडं, एवढंसं एक कांडं खाली पडलं नव्हतं, आणि...

"खोटंय, आबा."

खांबाजवळची ताई. शेंगा फोडणारा हात थांबला होता. शेजारचा दादा तिच्याकडं तोंड वर करून बघत होता, पुन्हा काहीतरी विचारायच्या बेतात.

"एक पडलं," ती म्हणाली. "कपिलधारचं. त्याचं नाव आधी बांधत हुते मी, तवर ते हातचं गेलं. तवापासून रोज सांगते, रोज निसटतंय. म्हणून आज पाणीच दाखवाया न्यायले त्याला. आज न्हाई राहिलं तर म्होरल्या पावसाळ्यात पुन्यांदा नेईन."